बाबांना खाण दाखवायला नेलं

आईबाबा जूनमध्ये ॲडलेडला आले आणि पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही त्यांना दाखवायचं ते सगळं दाखवून टाकलं. ग्लेनेल्गचा समुद्र, बरोसातले द्राक्षमळे, हाहनडॉर्फचं जर्मन गाव, डोंगरावरची कोआला. बाबा सगळीकडे मुकाट फिरले, सांगू तिथे फोटोला उभे राहिले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "बाई, इथं खदान नाही का कुठं?"

बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत 34 वर्षं काढली. लोडर म्हणून लागले आणि मायनिंग सरदार म्हणून निवृत्त झाले. ज्यांना हे पद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पाळीचे कामगार आत शिरण्याआधी सरदार आपला सेक्शन फिरून बघतो. छत कसं आहे, गॅस आहे का, हवा खेळते का. त्याने हो म्हटल्याशिवाय कोणी कामाला हात लावत नाही. माझं लहानपण त्या "हो"वर चाललं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही पाच जण बरा (Burra) आणि ब्रोकन हिल या दोन जुन्या खाणगावांना गेलो. "तिकडे वाळवंटात बघण्यासारखं काय आहे?" असं मला ॲडलेडमधल्या तीन मराठी घरांनी विचारलं होतं. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

बरा हे ॲडलेडच्या उत्तरेला साधारण 160 किलोमीटरवरचं छोटं दगडी गाव. 1845 मध्ये इथे मेंढपाळांना तांबं सापडलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची आणि कर्जात बुडालेली होती, या तांब्याने ती तगली. खाण 1877 पर्यंत चालली. खणायला आले ते मुख्यतः कॉर्निश लोक, म्हणजे इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचे. पिढ्यान्‌पिढ्या कथील आणि तांबं खणणारी माणसं. 2017 मध्ये बरा आणि मूंटा या दोन कॉर्निश खाणगावांना राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली.

बऱ्याची एक गोष्ट मला फार आवडली. तिथे तिकिटाऐवजी चावी मिळते. माहिती केंद्रात पैसे भरायचे, चावी घ्यायची आणि गावभर पसरलेल्या जुन्या जागांची कुलपं आपल्या हाताने उघडायची. आत जायचं, बघायचं, बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावायचं. मागे पुढे कोणी गाईड नाही, घाई नाही. दारूगोळ्याचं कोठार, जुन्या दारूभट्टीची तळघरं, तुरुंग. चावी अर्थातच आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांच्या ताब्यात गेली आणि दिवसभर परत मिळाली नाही.

आईला मात्र एकाच जागेने धरून ठेवलं. बरा क्रीकच्या काठाला मातीत कोरलेली घरं आहेत. खाणीजवळ राहायला जागा नव्हती, होती ती महाग होती, म्हणून कामगारांनी ओढ्याची दरडच पोखरली. 1851 च्या सुमारास 1800 माणसं अशी मातीच्या पोटात राहत होती. त्याच वर्षी ओढ्याला पूर आले आणि घरंच्या घरं वाहून गेली. आता त्यातली दोन जपून ठेवली आहेत. आई वाकून आत गेली. भिंतीवरून हात फिरवला, छताकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चूल कुठं होती?" मग धुराडं कुठून वर गेलं असेल ते शोधून काढलं. तिच्याही संसाराची पहिली दोन वर्षं तट्ट्याच्या झोपडीत गेली होती, कंपनीचं क्वार्टर मिळेपर्यंत. पावसाळ्यात ती चूल एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवत असे. ही गोष्ट मी त्या दिवशी, बऱ्याच्या ओढ्याच्या काठावर, पहिल्यांदा ऐकली.

दुपारी बेकरीत कॉर्निश पेस्टी खाल्ली, भाजी भरलेली. आईने आधी तिची कड नीट बघितली. "ही तर मुरड घातली आहे," म्हणाली. खरंच, करंजीला घालतो तशीच मुरड, फक्त जाडजूड. खाणीतली माणसं त्या कडेला धरून पेस्टी खात, असं सांगतात. बाबा म्हणाले, हात धुवायला खाली पाणी कुठलं! ते स्वतः डबा उघडला की पोळीचा एक कोपरा असाच धरायला ठेवत आणि तेवढा टाकून देत. आम्हाला वाटायचं, बाबांना पोळीच्या कडा आवडत नाहीत.

बऱ्याहून पुढे बॅरियर हायवे लागतो. टेरोवीच्या आसपास गॉयडर रेषा ओलांडली जाते. जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्व्हेअरने 1865 मध्ये दुष्काळ पाहून नकाशावर ही रेषा आखली होती: हिच्या उत्तरेला शेती करू नका, पाऊस भरवशाचा नाही. मधल्या चांगल्या पावसाच्या वर्षांत लोकांनी ऐकलं नाही आणि पुढे सोडून जावं लागलं. छप्पर उडालेली दगडी घरं अजून माळावर उभी आहेत. गव्हाची शेतं संपतात, करड्या रंगाची खुरटी झुडपं सुरू होतात. युंटाला पेट्रोल भरून घ्या. संध्याकाळ व्हायच्या आत पोहोचा, कांगारू आणि एमू नेमके त्याच वेळी रस्त्यावर येतात.

ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असूनही ॲडलेडचं घड्याळ पाळतं, कारण सिडनी हजारावर किलोमीटर लांब आणि या गावाचा सगळा व्यवहार पहिल्यापासून ॲडलेडशी. 1883 मध्ये माउंट गिप्स नावाच्या मेंढीपालन केंद्रावर कुंपणाची देखरेख करणाऱ्या चार्ल्स रॅस्पला एका तुटक्या काळ्या टेकाडात कथील असावं असं वाटलं. सात जणांनी मिळून जागा नोंदवली. निघालं शिसं, चांदी आणि जस्त. सुमारे सात किलोमीटर लांबीचा, बूमरँगच्या आकाराचा धातूचा पट्टा. 1885 मध्ये त्यांनी कंपनी काढली, तीच आजची बीएचपी. तिच्या नावातली बी आणि एच ही अक्षरं या टेकडीची. टेकडी स्वतः आता शिल्लक नाही. तिच्या जागी गावाच्या मधोमध खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा लांबच लांब काळपट डोंगर आहे. तो बघून बाबा गाडीतच म्हणाले, "हे तं आपलंच गाव आहे." चंद्रपूरकडून आलेल्या कोणालाही तसंच वाटेल.

रस्त्यांची नावं वाचून बाबांची करमणूक झाली. अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, ब्रोमाइड, कोबाल्ट, गॅलेना. आमचं मोटेल सल्फाइड स्ट्रीटजवळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेड्रीम माइनला गेलो. सिल्व्हर्टनच्या रस्त्यावरून आत वळलं की बराच कच्चा रस्ता आहे, गाडी सावकाश हाकावी. ही 1882 ची चांदीची खाण, ब्रोकन हिलच्याही आधीची. कधीच बंद पडली आहे, आता लोकांना आत नेऊन दाखवतात. हेल्मेट आणि कमरेला बॅटरीचा दिवा देतात. बाबांनी दिव्याचा पट्टा बांधला तो न बघता, बोलता बोलता, जसा आपण चपलेत पाय घालतो. शेजारचे दोन जर्मन तरुण अजून बकल शोधत होते.

खाणीच्या तोंडाशी आलो आणि बाबा थांबले. उजव्या हाताने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही खिसे. मला वाटलं चष्मा राहिला. "काय हरवलं?" विचारलं तर स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. "काही नाही. काडीपेटी पाहून राहिलो होतो." निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली आहेत. बिडी तर त्यांनी माझ्या लग्नाच्याही आधी सोडली. पण कोळसा खाणीच्या तोंडाशी रोज झडती होते. काडी नाही, बिडी नाही, लायटर नाही, आत ठिणगी पडेल असं काहीच न्यायचं नाही. 34 वर्षं रोज चाचपलेला खिसा त्या हाताच्या लक्षात राहिला होता.

आणि आत गेल्यावर गाईडने काय करावं? मेणबत्ती पेटवली! एका लोखंडी टोकदार आकड्यात बसवलेली, तो आकडा दगडाच्या फटीत ठोकायचा. पूर्वी याच उजेडात काम चाले. बाबा चक्क एक पाऊल मागे सरकले आणि नातवाला आपल्या मागे घेतलं. मी गाईडला सांगितलं की माझे वडील कोळसा खाणीतले आहेत. तो हसला नाही. मेणबत्ती खाली धरून त्याने बाबांना नीट समजावलं की इथला दगड कोळशासारखा गॅस सोडत नाही, उलट हवा खराब झाली की ज्योत मंद होते आणि माणसं बाहेर पडतात. मी मराठीत सांगत होते, पण निम्मं बाबांना आधीच कळलं होतं. मग बाबांनी त्याला सांगितलं, माझ्याकरवी, की आमच्याकडे जाळीत बंद असलेल्या सेफ्टी लॅम्पच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की समजायचं, गॅस आहे. दोघं त्या एवढ्याशा बोगद्यात ज्योतीबद्दल बोलत उभे राहिले आणि बाकी मंडळी थांबली.

बोगदे इतके बुटके आहेत की वाकूनच चालावं लागतं. हेल्मेट छताला सतत टक्‌टक्‌ लागतं. बाबांच्या हातात चालायची काठी होती. एका वळणावर त्यांनी ती उलटी धरली आणि मुठीने छतावर ठोकलं. एकदा, मग हातभर पुढे पुन्हा. डोकं किंचित कलतं करून ऐकलं. नातवाला म्हणाले, "आयक. खणखण वाजते ना? म्हणजे भरीव आहे. सुटलं असतं तं ढबढब वाजलं असतं." मग त्याच्याकडून ठोकवून घेतलं. गाईडने मागे वळून विचारलं, "काय, पास?" मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सांग त्याले, चालते. पण तो डाव्या हाताचा कोपरा एकदा पाहून घे म्हणा." गाईडने कोपऱ्यावर टॉर्च मारला, मान डोलावली आणि सांगितलं की तो कोपरा त्यांनी वरूनच बंद केलेला आहे, तिकडे कोणाला जाऊ देत नाहीत.

शेवटी सगळे दिवे बंद करायला लावतात. माझ्या मुलाने माझं बोट घट्ट धरलं. डोळे उघडे आहेत की मिटले हेसुद्धा कळत नाही, असा अंधार. या अंधारात माझ्या मुलाच्या वयाची पोरंही काम करत होती, असं गाईड सांगत होता. दिवे लागले तेव्हा बाबा भिंतीला पाठ लावून, काठी दोन्ही हातांत धरून, अगदी आरामात बसलेले दिसले. घरी, माझ्या मऊ सोफ्यावर, ते असे कधी बसले नव्हते.

वर आल्यावर तिथल्या चहाच्या खोलीत स्कोन, जॅम आणि साय घेऊन बसलो. चहा कडक होता, बाबांना आवडला.

सिल्व्हर्टनबद्दल थोडक्यात. एकेकाळी हजारोंची वस्ती, आता मूठभर घरं, चित्रपटवाल्यांचं लाडकं गाव. तुरुंगातलं संग्रहालय चांगलं आहे. गावापुढच्या मुंडी मुंडीच्या कड्यावरून मैदान बघाच, डोळे पोहोचतील तिथपर्यंत सपाट जमीन. ब्रोकन हिलजवळच्या टेकडीवर 1993 मध्ये घडवलेली बारा वालुकाश्माची शिल्पं आहेत, सूर्यास्ताला जावं. प्रो हार्टची गॅलरीही पाहिली, कारण तो आधी खाण कामगार आणि मग चित्रकार. विमानाने दूरच्या रुग्णांकडे जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांचं केंद्र मुलाला आवडलं, विमानं होती म्हणून.

बाबांना आवडलं ते ट्रेड्स हॉल. कामगार संघटनांची ही इमारत अजून दिमाखात उभी आहे. 1919 मध्ये इथल्या कामगारांनी संप केला तो सुमारे दीड वर्ष चालला. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं जात होती, शिशाची विषबाधा होत होती. संपानंतर आठवड्याला 35 तास काम ठरलं. मी हे वाचून दाखवलं तर बाबांनी मला पुन्हा वाचायला लावलं. 1920 साली? 35? मग बोटांवर आपली पाळी मोजली, आठ सक अठ्ठेचाळीस. बराच वेळ बोलले नाहीत. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी स्वतःहून फोटो काढायला सांगितला. या संपूर्ण प्रवासात त्यांनी स्वतःहून मागितलेला हा एकच फोटो.

गावाच्या उत्तरेच्या टोकाला पत्र्याची एक छोटी मशीद आहे. उंटवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. रेल्वे आणि मोटारी पोहोचण्याआधी या मुलखात सामान उंटांवरून जात असे आणि ते हाकणारी माणसं अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब, सिंध अशा भागांतून आणलेली. सगळ्यांना इथे सरसकट "अफगाण" म्हणत. त्यांनी राहायचं ते गावाबाहेर, उंटांच्या तळावर. "पायोनियर" हा शब्द इथल्या पाट्यांवर फार दिसतो, आणि तो वाचताना मला ही पत्र्याची खोली आठवते. ज्यांची मुळात ही भूमी, त्या विल्याकाली लोकांचीही आठवण होते. रॅस्पच्या कुंपणाआधी हजारो वर्षं त्यांना हे टेकाड ठाऊक होतं.

आणखी एक माणूस सांगायलाच हवा. खाणीतल्या टेकूंसाठी आणि भट्ट्यांसाठी आजूबाजूची मुल्गाची झाडं तोडून संपवली, उरलेलं मेंढ्या आणि सशांनी खाल्लं, आणि गावावर धुळीची वादळं येऊ लागली. अल्बर्ट मॉरिस नावाच्या, खाणीत धातुपरीक्षकाचं काम करणाऱ्या गृहस्थाने सांगितलं की जनावरं आणि ससे आत येणार नाहीत असं कुंपण घाला, इथलीच झाडं लावा, बाकीची आपोआप उगवतील. 1936 मध्ये एका खाण कंपनीच्या जागेवर सुरुवात झाली आणि खरंच उगवली. ते 1939 मध्ये वारले, पण त्यांचं हिरवं कडं गावाभोवती आजही आहे. धुळीतलं शिसं मात्र संपलेलं नाही. इथल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं अजून नियमित तपासतात. मुलं मातीत खेळली तर हात धुवायला लावा, मोटेलच्या बाईंनीही आम्हाला तेच सांगितलं.

शेवटच्या सकाळी त्या काळपट डोंगरावर गेलो. वर खाण कामगारांचं स्मारक आहे, 2001 मध्ये उघडलेलं. गंजलेल्या लोखंडाच्या उंच भिंतींमधून चालत जायचं आणि दोन्ही बाजूंना नावं. या पट्ट्यातल्या खाणींत मेलेल्या आठशेहून अधिक माणसांची. नावाबरोबर तो कसा गेला तेही लिहिलं आहे. छत कोसळून. शाफ्टमध्ये पडून. चिरडून. कुठे कुठे फटीत कापडी गुलाब खोचलेले होते.

बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण हे त्यांनी स्वतः वाचलं. बोट ठेवून, हळूहळू, हजेरी घेतल्यासारखं. "रॉक फॉल" हे शब्द तर त्यांच्या रोजच्या रिपोर्टातलेच. एका जागी थांबून म्हणाले, "एकाच तारखेचे दोघं आहेत." मग थोड्या वेळाने, "जोडीनं काम करत असतीन." आम्ही बाकीचे शेवटापर्यंत जाऊन परत आलो तरी ते अर्ध्यावरच होते. वारा बोचरा होता. आईने आपली शाल नेऊन त्यांच्या खांद्यावर टाकली आणि तीही शेजारी उभी राहून वाचू लागली.

परतीच्या वाटेवर ऊडला विराला फळांची तपासणी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशी येऊ नये म्हणून संत्री, टोमॅटो काहीही नेऊ देत नाहीत. आमची राहिलेली चार संत्री तिथे द्यावी लागली. तुम्ही जाल तेव्हा आधीच खाऊन संपवा.

गाडीत बाबांनी त्यांच्या निवृत्त कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्मारकाच्या भिंतीचा फोटो टाकला. खाली मला टाइप करायला सांगितलं, "इथे मेलेल्या सगळ्यांची नावं लिहिली आहेत. कसे मेले तेही." नेटवर्क युंटापर्यंत नव्हतं. युंटाला पेट्रोल भरताना फोन वाजायला लागला तो थांबेना. पहिलं उत्तर आलं त्यात एकच नाव, एक साल आणि "छत" एवढाच शब्द. त्याखाली दुसऱ्याने दुसरं नाव. मग "हॉलेजची दोरी तुटली". मग "पाणी शिरलं", त्यापुढे तीन नावं. कोणीतरी साल दुरुस्त केलं. कोणीतरी लिहिलं, त्याची बायको अजून आहे, बल्लारपूरला मुलाकडे असते.

टेरोवीपर्यंत अकरा नावं झाली. मी मोठ्याने वाचत होते आणि मागच्या सीटवर आई नातवाच्या शाळेच्या वहीत लिहून घेत होती. मधेच तिने विचारलं, "तुमच्या जोडीदाराचं कोणी टाकलं का?" बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "नाही. ते मी सांगतो. लिही."